नऊ वाट्यांचं एकमत

विनता देवतळे यांना किळस फार लवकर यायची, आणि तरी त्यांनी चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली. लोकांना याचं नवल वाटे. विनताबाईंना कधी वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्याला किळस येत नाही तो माणूस बेडपॅन पलंगाखाली तसंच ठेवून चहा प्यायला जातो. ज्याला येते तो आधी उचलतो, धुतो, मग जातो. रक्त, पू, उलटी यांची किळस त्यांची पहिल्या दोन वर्षांतच सरली. पुढची बत्तीस वर्षं जी पुरली ती निराळ्या गोष्टींची होती. रुग्णाकडे न बघता लिहिलेला रिपोर्ट. साहेब यायचे म्हणून बदललेली चादर. आणि 'सब बढ़िया है' हे तीन शब्द.

वडील भाऊराव मूळ आर्वीकडचे. राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ तिकडे गेला, जबलपूर इकडे राहिलं, आणि भाऊराव केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून असल्यामुळे जिथं टेबल होतं तिथंच राहिले. "आपला साहेब दिल्लीचा. सीमा कुठून का जाईना," असं ते म्हणत, आणि पुढची तीस वर्षं दर उन्हाळ्यात आर्वीला जाऊन तिथल्या नातलगांना, तुम्ही लोक परप्रांतात गेले, असं सुनावून येत. मुलगी एका सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स झाली, रेल्वेतल्या नीलकंठ देवतळ्यांना दिली गेली, आणि कांचघर वस्तीतल्या दोन खोल्यांत तिचा संसार झाला. रिटायर झाल्यावर चार महिने घरी बसून विनताबाईंनी मदन महालकडच्या 'सुखनिवास' या वृद्धांच्या सेवागृहात इन-चार्ज सिस्टर म्हणून नोकरी धरली.

नीलकंठराव म्हणाले, "काहून? घरात म्हातारं माणूस नाही का सेवेला?"

"आहे. पण ते ऐकत नाही."

सुखनिवास दोन मजली होतं. खाली चालते-फिरते म्हातारे, वर अकरा पलंग, आणि त्या पलंगांवर जे होते ते आपणहून उठणार नव्हते. संचालक हेमचंद्र खेरडे चाळिशीचे, जबलपुरातच वाढलेले. मराठी त्यांना समजे पुरती, बोलता येई अर्धी. दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात त्यांनी सुखनिवाससाठी एका दर्जा-प्रमाणपत्राचा अर्ज केला. अर्जाला एक अट होती. सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून आपल्याच कामाला पाचपैकी गुण द्यायचे, आणि हे घडवून आणणारा माणूस प्रशिक्षित हवा. म्हणून विनताबाईंना तीन दिवसांसाठी भोपाळला पाठवण्यात आलं.

भोपाळला बिनबाह्यांचं जाकीट घातलेला एक तरुण शिकवायला होता. त्यानं आयुष्यात कोणा रुग्णाची कूस बदलली नसावी. जेवणानंतर त्यानं पन्नाशीच्या बायकांकडून फुगे फुगवून घेतले. विनताबाईंना जितकी यायला हवी तितकी किळस आली. पण घोटाळा असा झाला की पद्धत त्यांना पटली. प्रत्येकानं आधी एकट्यानं, शेजाऱ्याकडे न बघता गुण द्यायचे. मग सगळ्यांचे एकदम उघडायचे. ज्याचे सर्वांत कमी त्यानं पहिल्यांदा बोलायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून एक आकडा ठरवायचा. आणि सुरुवातीला म्हणायचं, इथं कोणी दोषी नाही, इथं बोलल्याची शिक्षा कोणाला होणार नाही. चौतीस वर्षांत कोणी कुठल्या आयेला तुझ्या कामाबद्दल तुला काय वाटतं, असं विचारलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत त्यांनी ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं. खरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी अकराला सुखनिवासच्या जेवणघरात नऊ प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. समोसे आले. अंजनी आयेला वाचता येत नव्हतं, म्हणून विनताबाईंनी कागदाऐवजी चिंचोके आणले होते. प्रत्येकासमोर एक स्टीलची वाटी, वर रुमाल. एक ते पाच, जितके गुण तितके चिंचोके रुमालाखाली सरकवायचे.

"तुळशीराम, मधोमध नका बसू. गोल आहे हा."

तुळशीराम सगळ्यांत जुने अटेंडंट, पंचावन्नचे. "पण मी सीनियर आहे ना जी."

"गोलात सीनियर नसतो."

तुळशीरामांनी खुर्ची चार बोटं मागे सरकवली. गोलही राहिला आणि ते त्याच्या बाहेरही राहिले.

विनताबाईंनी भोपाळचं वाक्य म्हटलं. मराठीतून म्हटलं, मग बाकीच्यांसाठी हिंदीतून. "यहाँ कोई दोषी नहीं. जे वाटेल ते बोला. कोणाची नोकरी जाणार नाही, माझा शब्द आहे." शेवटचे तीन शब्द भोपाळचे नव्हते. ते त्यांनी घरचे घातले.

"नोकरी जानार नाही म्हनजे काही चोरीले गेलं आहे वाटतं," अंजनी म्हणाली. सगळे हसले.

पहिला प्रश्न, जेवण वेळेवर देतो का. रुमाल उचलले. नऊ वाट्यांत पाच-पाच. दुसरा, म्हाताऱ्यांशी आदरानं बोलतो का. पुन्हा पाच-पाच, आणि त्यात अंजनीचीही वाटी होती. दीडच तासापूर्वी तिला खालच्या एका आजोबांना 'ए बुढ़ऊ, मुँह खोल' म्हणताना विनताबाईंनी ऐकलं होतं. तिसरा प्रश्न ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या कामाबद्दलचा. तिथं नऊही वाट्यांत तीन-तीन.

"हे काय? सगळ्यांचं मिळून काम पाचचं, आणि एकेकाचं तीनचं?"

तुळशीरामांनी समजूत घातली. "सिस्टरजी, दुसऱ्याला कमी देनं बरं दिसत नाही. अन् स्वतःला पाच देनं तर अजूनच बरं दिसत नाही. घरचा संस्कार असतो ना बाप्पा."

चौथा प्रश्न वरच्या मजल्याचा. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलतो का. रुमाल उचलले. पंचेचाळीस चिंचोके. वरच्या मजल्यावर काम करणारी बेबी वाटीकडे न बघता समोशाचं टोक मोडत बसली होती.

विनताबाईंनी आपला समोसा बाजूला सारला. त्या म्हणाल्या, "बापूसाहेबांचा पोझिशन चार्ट आणा."

बापूसाहेब कारखान्यात फोरमन होते. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, फक्त चार-पाच शिव्या शाबूत राहिल्या. त्यांना कोणत्या वेळी कोणत्या कुशीवर ठेवलं ते लिहायचा कागद पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला असे. तो आला. घड्याळात साडेअकरा वाजले होते. चार्टाप्रमाणे बापूसाहेब दुपारी दोनला उजव्या कुशीवर झाले होते, चारला उताणे झाले होते, आणि शनिवारी सकाळी सहाला पुन्हा डाव्या कुशीवर. भविष्यकाळातही त्यांची सेवा चोख चालली होती.

कागदाच्या तळाशी 'तपासले' असा रकाना होता. मंगळवार ते रविवार, सहाही दिवसांखाली एकच सही होती. वि. देवतळे. सोमवारी संध्याकाळी भोपाळच्या गाडीची घाई असताना, मागे रकाना रिकामा राहू नये म्हणून विनताबाईंनी कोऱ्या चार्टावर सहा सह्या करून ठेवल्या होत्या. त्यांनी कागदाची घडी घातली. सही आत गेली. मग त्या म्हणाल्या, "चला सगळे वर."

बापूसाहेब उताणे होते. चादरीवर पिवळसर डाग होता, आणि तो कशाचा, हे चादर उचलायच्या आधीच कळत होतं. विनताबाई आणि तुळशीरामांनी त्यांना भिंतीकडे वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी जागा काळी पडली होती, मधोमध कातडी गेली होती, आणि आत जे दिसत होतं ते जिवंत माणसाच्या अंगावर दिसायला नको. अंजनीनं पदर नाकाला लावला, विनताबाईंनी बघितल्यावर खाली घेतला.

मग बेबी बोलली. सव्वीस वर्षांची, मझौली गावची, घरात कमावणारी तीच एकटी. "मी नाही वळवलं, दीदी."

मध्ये कोणी तोंड घातलं नाही. पद्धत नकळत पाळली गेली.

"मंगळवारपासून वर मी एकटीच होती. हे सगळे खाली सजावट करून राहिले होते. बापूसाहेब माझ्याच्यानं एकटीनं वळत नाहीत ना. बुधवारी वळवाले गेली तर तेच माझ्या अंगावर आले, दोघंही खाली पडलो असतो. बाकी दहा जन हाका मारून राहिले. मंग मी चार्टच वळवला."

"आधी सांगितलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? तुम्ही भोपाळले."

तुळशीरामांनी घसा साफ केला. "साहेबांनी मला कुंड्यांवर लावलं होतं, सिस्टरजी. तीन दिवसांत चाळीस कुंड्या रंगवल्या. गेरू, अन् वर पांढरी पट्टी. त्यातल्या अकरात झाडच नाही." मग म्हणाले, "बेबीनं बुधवारी मला हाक मारली होती. मी म्हटलं, पट्टी सुकू दे."

मग अंजनी बोलली, ती पडदे धूत होती. मग बाकीचे. चार्ट असाच भरतात, हे दर आठवड्याला असंच चालतं, एका मजल्यावर दोन माणसं असल्याशिवाय जड माणूस वळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, हे सगळं जखमेसमोर उभं राहून वीस मिनिटांत बाहेर आलं. चिंचोके खाली राहिले होते. विनताबाई म्हणाल्या, बोटं दाखवा. नऊ हात वर झाले, प्रत्येकाचं एकच बोट उभं होतं. दोघांनी मिळून वळवायचं, सम तासाला खालचा माणूस वर यायचा, हेही त्यांनीच ठरवलं. विनताबाईंनी जखम धुतली, ड्रेसिंग केलं, हात साबणानं तीनदा घासले आणि गार समोसा खाल्ला. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांना अन्नाची चव लागली.

आणि लगेच त्यांनी चूक केली. प्रमाणपत्राच्या फॉर्मला 'चर्चेचा गोषवारा' असं पान जोडलेलं होतं. चौतीस वर्षं ड्युटी रिपोर्ट लिहिलेला हात तो. वेळ, नाव, जागा, तोंडचे शब्द. त्यांनी वळणदार अक्षरात सगळं लिहिलं, आणि कागद हेमचंद्रांच्या टेबलावर ठेवून त्या घरी गेल्या.

शनिवारी बोलावणं आलं.

"सिस्टर, ये क्या है? एक? पाचपैकी एक?"

"त्यांनीच ठरवलं. सगळ्यांनी मिळून."

"मिळून एक ठरवायला मी तुम्हाला भोपाळला पाठवलं होतं?"

"मग कशाला पाठवलं होतं?"

हेमचंद्रांनी पान उलटलं. "बुधवारी तपासणीवाले येऊन राहिले. मंगळवारी बापूसाहेबांची मुलगी, ज्योती मॅडम, पुण्याहून येणार. त्यांना मी काय दाखवू? पण तुमचं लिहिणं एक नंबर आहे हं. हे बघा. पावणेबारा, वरचा मजला, बेबी. 'मी नाही वळवलं.' झालं ना! कारण मिळालं."

"त्याच्या खालची ओळ वाचा. कुंड्यांची."

"ती इथं लागू नाही."

"हेमचंद्रजी, मी तिला शब्द दिला होता. बोलल्याची शिक्षा होणार नाही म्हणून."

"तुम्ही दिला होता ना," हेमचंद्र अगदी मऊपणे म्हणाले. "मी नाही." त्यांचा प्रस्ताव सरळ होता. सोमवारी पुन्हा बैठक घ्यायची. ते स्वतः बसतील. गटानंच मूळ कारण ठरवायचं, सर्वानुमते, म्हणजे बेबीला काढलं तर ते संस्थेनं काढलं असं होणार नाही. "पद्धत तुमचीच, सिस्टर."

विनताबाई बाहेर आल्या आणि बागेत ओळीनं मांडलेल्या लाल-पांढऱ्या कुंड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. फुगे फुगवणाऱ्या त्या जाकीटवाल्याचा त्यांना आता राग येईना. त्यानं निदान फुग्याला फुगाच म्हटलं होतं.

रविवारी दुपारी त्यांनी नीलकंठरावांना सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं. नीलकंठराव शेंगा सोलत ऐकत होते. रेल्वेत त्यांनी बावीस वर्षं चौकशीच्या फायली हाताळल्या होत्या.

"त्या चार्टावर तपासणाऱ्याची सही असते ना?"

विनताबाई टरफलं गोळा करू लागल्या.

"आम्ही आधी सही बघायचो," नीलकंठराव म्हणाले. "मग अपघात."

"आहे."

"कोणाची?"

विनताबाईंनी सोललेल्या शेंगांचं ताट नवऱ्यापुढून ओढून घेतलं. एवढ्यावरून नीलकंठरावांना कळलं. त्यांनी पुढं विचारलं नाही, फक्त शेंग हातात होती ती फोडून दाणे ताटात टाकले.

सोमवारी पुन्हा नऊ खुर्च्या, दहावी हेमचंद्रांची. ती गादीची होती. समोसे नव्हते. मधल्या टेबलावर दोन मोठ्या वाट्या, त्यांवर चिठ्ठ्या. एकीवर 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा', दुसरीवर 'इतर'. हेमचंद्रांनी सांगितलं, कोणावर दबाव नाही, ज्याला जे वाटेल त्या वाटीत एक चिंचोका टाका. हे सांगताना ते बेबीकडे सोडून सगळ्यांकडे बघत होते.

सगळ्यांत आधी तुळशीराम उठले. टेबलापाशी क्षणभर थांबले, चिंचोका टाकला, आणि परत येताना जमिनीकडे बघत आले. मग अंजनी. तिला चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या. तिनं दोन्ही वाट्यांवरून बोट फिरवलं आणि सरळ विचारलं, "साहेब, बेबीची वाटी कोनती?"

कोणी हसलं नाही. हेमचंद्रांनी डोळ्यांनी दाखवली. चिंचोका टणकन वाजला.

एकेक करून आठ झाले. सगळे एकाच वाटीत. शुक्रवारी जखमेसमोर ज्यांनी बोट वर केलं होतं तेच आठ हात. विनताबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. आली ती किळस, आणि तीही त्यांच्यावर थांबेना, पुढं सरकत राहिली. शेवटी बेबी उठली. तिनं आपला चिंचोका त्याच वाटीत टाकला, ज्यात बाकीच्यांनी टाकला होता. घरचा संस्कार असतो.

"सर्वानुमते," हेमचंद्र म्हणाले. "लिहा, सिस्टर."

विनताबाईंनी पर्समधून घडी घातलेला चार्ट काढला, उघडला, आणि दोन वाट्यांच्या मध्ये सरळ केला.

"सिस्टर, तुम्ही बैठक चालवणाऱ्या. तुम्हाला मत नाही."

"मत नाही देत. सही दाखवते." त्यांनी बोट तळाच्या रकान्यावर ठेवलं. "मंगळवार ते रविवार. सहा. सोमवारी संध्याकाळी केल्या, तेव्हा चार्ट कोरा होता. तपासले, असं मी लिहिलं. न झालेलं काम न बघता तपासलं. बेबीनं एका दिवसाचं पुढं लिहिलं, मी सहा दिवसांचं. शुक्रवारी हा कागद माझ्या हातात होता आणि मी घडी घातली, तुमच्या कोणाच्या नजरेला सही पडू नये म्हणून. निष्काळजीपणाच लिहायचा तर पहिलं नाव माझं. गोषवाऱ्यात तसं लिहून आणलं आहे, तारीख-वेळ घालून. तिला काढायचं तर आधी मला काढा, मग क्रमानं खाली या."

तुळशीरामांच्या तोंडून "अरे बाप्पा" एवढंच निघालं.

हेमचंद्रांनी चार्ट स्वतःकडे ओढला. अर्जात नोंदणी झालेली नर्स म्हणून एकच नाव होतं, नंबरसकट. तपासणी परवा होती. परवापर्यंत दुसरी सिस्टर मिळणार नव्हती, आणि सिस्टरशिवाय अर्जच उभा राहत नव्हता. विनताबाईंना हे रविवारी शेंगांचं ताट ओढतानाच ठाऊक होतं. म्हणून आपण करतो आहोत त्याला धैर्य म्हणायची त्यांना शिसारी आली. हा हिशेबीपणा होता. पण खरा होता.

"चलो," हेमचंद्र अखेर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला. "इतकं पर्सनल काहून घेऊन राहिल्या, सिस्टर? मूळ कारण 'संवादाचा अभाव' लिहू. गुण तीन. काय, सगळ्यांना पटतं?"

सगळ्यांना पटलं. नऊ चिंचोके एका वाटीतून उचलून दुसऱ्या वाटीत टाकण्यात आले. 'इतर'मध्ये.

"आणि वरच्या मजल्यावर दोन माणसं," विनताबाई म्हणाल्या.

"बुधवारनंतर बघू."

"आजपासून. ते पण लिहिलं आहे."

ज्योती मॅडम आल्या, वडिलांपाशी दहा मिनिटं बसल्या, डोळे पुसले. विनताबाईंनी पट्टी सोडून जखम दाखवली आणि कशी झाली ते सांगितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वयामुळे होतंच ना, सिस्टर. तुम्ही सगळे इतकं करता त्यांचं." त्यांची परतीची गाडी होती. बुधवारी तपासणीवाले आले, बाग पाहून खूश झाले, आणि 'संवादाचा अभाव' या ओळीखाली त्यांनी कौतुकाची खूण केली. अशी प्रामाणिक संस्था, म्हणाले, विरळा.

गुरुवारी दुपारी दोनला विनताबाई वर गेल्या. खालून यायचा माणूस आला नव्हता. बेबी बापूसाहेबांच्या पलंगाशी एकटी उभी होती, बाह्या वर करून.

"तुळशीराम कुठं?"

"येतो म्हनाले. आपन करू, दीदी."

विनताबाई दुसऱ्या बाजूला गेल्या. दोघींनी खालची चादर मुठीत धरली. बेबी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "दीदी, एक सांगू? राग नका मानू."

"सांग."

"पुढच्या बैठकीत मले काही विचारू नका. तुम्ही चांगल्या आहात, म्हनून सांगून राहिली. माझी पोरगी लहान आहे."

विनताबाईंना एक उत्तर सुचलं, मग दुसरं. दोन्ही भोपाळची निघाली. त्या म्हणाल्या, "खांदा धर नीट. मी कंबर धरते."

बापूसाहेब वळले. अर्ध्या वाटेवर त्यांनी दोघींना मिळून एक सणसणीत शिवी घातली, आणि विनताबाईंनी पट्टीखाली जखम किती ओली आहे ते बघायला वाकून चष्मा नीट केला.